फूड प्रोसेसर: मोठा बाउल लावला की चालू होत नाही, खालून काळं तेल येतंय, आणि ठेवायचा कुठे?

भोगीचीभाजी
नमस्कार मंडळी. गड्ड्याची जत्रा संपली, पाहुणे आपापल्या गावी गेले. आता स्वयंपाकघर आवरायला काढलंय आणि फूड प्रोसेसरपाशी येऊन अडलेय.

आमचा नेहमीचाच प्रकार आहे. खाली एक मोटर, तिच्यावर मिक्सरची भांडी बसतात आणि एक मोठा बाउलही बसतो. कणीक मळायचं पातं, चिरायचं पातं, किसायच्या आणि काप करायच्या चकत्या, सगळं त्या बाउलमध्ये चालतं. संक्रांतीच्या गडबडीत त्यानं भरपूर काम केलं. आता चटणीचं भांडं लावलं की व्यवस्थित फिरतो, मोठा बाउल लावला की हूं नाही की चूं नाही. शिवाय मधल्या भांड्याच्या बुडाखाली काळं, तेलकट काहीतरी जमतंय. पुसलं की दुसऱ्या दिवशी परत तेच. बाउलच्या झाकणाच्या रबराला लसणाचा वास बसलाय तो वेगळाच.

आणि हे सगळं ठेवायचं कसं, हेही सांगा. जुळे सोलापुरातला दोन खोल्यांचा फ्लॅट, ओटा लहान. सासूबाई म्हणतात, माळ्यावर टाक आणि हातानं मळ. मला तो रोज वापरायचाय. दुरुस्तीला नेण्याआधी घरी काय काय बघता येईल?

शेंगाचटणी
काळं तेल येतंय त्या भांड्यात आजपासून काही वाटू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण एवढं आधी.

पुण्यातली_सोलापूरकर
माझाही बाउल असाच मुका झालाय. धागा वाचतेय.

अण्णा_वाइंडर
ताई, निम्मं निदान तुम्हीच करून दिलंय बघा. लहान भांडं फिरतंय म्हणजे मोटर, वायर, बटण, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) सगळं ठणठणीत आहे. कुणी मोटर भरायला, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायला सांगितली तर ऐकू नका. माझं आयुष्य अक्कलकोट रोड एमआयडीसीत मोटरी भरण्यात गेलं, म्हणून खात्रीनं सांगतो.

दोष लॉकमध्ये आहे. बहुतेक यंत्रांत मोठ्या बाउलला सुरक्षेची सोय असते. झाकण पूर्ण फिरून बसलं की त्याची जीभ बाउलच्या मुठीतली एक काडी खाली दाबते, ती काडी खालच्या डब्यातला लहान स्विच दाबते, आणि मगच मोटरला करंट मिळतो. पातं उघडं असताना यंत्र सुरू होऊ नये म्हणून ही रचना. त्या काडीच्या खाचेत कणीक वाळून बसली की काडी पुरती खाली जात नाही. यंत्राला वाटतं झाकण उघडंच आहे.

प्लग काढा. बाउल सुटा करा. मूठ उलटी करून बोटानं काडी दाबून बघा, स्प्रिंगनं लगेच वर यायला पाहिजे. अडकत असेल तर कोमट पाण्यात मूठ बुडवून ठेवा आणि जुन्या मऊ टूथब्रशनं खाच मोकळी करा. खालच्या डब्यावरचं भोकही सुक्या ब्रशनं साफ करा, तिथं पाणी घालायचं नाही. एक मात्र करू नका. चमच्याची दांडी घालून तो स्विच दाबून यंत्र चालू होतं का ते बघायचं नाही. पातं वर उघडं असतं. बोटं गेलेली मी बघितलीत.

मृण्मयी_होटगीरोड
अण्णांशी सहमत. भर एवढीच की झाकणाची जीभ तुटलीय का तेही बघा. झाकण हातातून पडलं की पहिल्यांदा तीच जाते. तुटली असेल तर नुसतं झाकण सुटं मिळतं, पूर्ण बाउल घ्यायची गरज नाही. जाताना जुनं झाकण आणि यंत्राच्या बुडावरच्या चिकटपट्टीचा मोबाइलवर फोटो घेऊन जा. मॉडेल नंबर तिथेच असतो आणि सारख्या दिसणाऱ्या दोन झाकणांत एका सुताचा फरक असतो.

कडकभाकरी
राग मानू नका, पण एवढा खटाटोप कशासाठी? शेंगाची चटणी उखळातच करावी. कुटताना दाण्याचं तेल सुटून चटणी जी ओलसर लागते तिची सर यंत्राला नाही. आणि जोंधळ्याचं पीठ काही तुमचं यंत्र मळत नाही.

शेंगाचटणी
काकू, उखळाची चव मला मान्यच आहे. माझा घरगुती चटणीचा व्यवसाय आहे आणि दिवाळीच्या ऑर्डरी उखळात कुटायच्या म्हटलं तर माणसं मिळत नाहीत. यंत्रातही तेल सुटतं, दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. फक्त सलग फिरवायचं नाही. भाजलेले दाणे पूर्ण गार करायचे, मिरची-लसूण-जिरं-मीठ आधी फिरवून घ्यायचं, मग दाणे घालून बटण उलट्या बाजूला वळवून पल्स, म्हणजे धरलं तेवढाच वेळ फिरणारा झटका, थांबत थांबत द्यायचा. मध्ये झाकण काढून कडेचं खाली ओढायचं. सलग फिरवलं की भांडं तापतं, दाण्याचा लोणीगोळा होतो, तो पात्याखाली घट्ट बसतो आणि मोटरवर ताण येतो. बिघाडाची सुरुवात बऱ्याचदा तिथून होते.

कडकभाकरी
हे मात्र पटलं. कडेचं ओढायला लाकडी उलथणं घे, लोखंडी नको.

भोगीचीभाजी
काकू, जोंधळ्याच्या भाकरीचं तुमचं बरोबर आहे, ती मी हातानंच करते. यंत्रात फक्त गव्हाची कणीक.

मृण्मयी_होटगीरोड
त्याचं कारणही आहे. गव्हात ग्लूटेन असतं, म्हणून पात्यानं ताणलं की गोळा जुळून येतो. ज्वारीत ते नसतं. तिथं उकळीचं पाणी आणि तळहाताचा जोर हेच काम करतात. मंगळवेढ्याची मालदांडी आणली तरी यंत्रात तिचा चुराच होणार.

कणकेसाठी: पीठ, मीठ, तेल आधी. झाकण लावून वरच्या नळीतून पाणी बारीक धारेनं. पाव किलो पिठाला साधारण दीड-पावणेदोनशे मिली लागतं, पिठाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. गोळा होऊन बाउलच्या कडा सुटल्या की लगेच बंद. लोक त्यापुढेही फिरवत राहतात, मोटर तिथं मरते.

साखरपेठकर
आमचा प्रोसेसर कणीक मळताना मध्येच बंद पडला, जळका वास आला. घरात सगळे म्हणाले गेला. तासाभरानं बुडाखालचं लाल बटण दाबलं, चालू झाला. ते बटण काय असतं अण्णा? वारंवार दाबलेलं चालतं का?

अण्णा_वाइंडर
ते ओव्हरलोडचं बटण. मोटर जास्त करंट ओढायला लागली की ते स्वतः उडतं आणि मोटर वाचते. प्लग काढायचा, माल कमी करायचा, यंत्र पूर्ण गार होऊ द्यायचं, मग दाबायचं. गरम असताना दाबत बसलात तर आतली तार हळूहळू भाजत जाते. महिन्यातून एखाद्या वेळी उडलं तर ठीक. दर वेळी उडतंय तर तुम्ही पीठ जास्त घालताय, कणीक घट्ट आहे, नाहीतर बाउलचं बेअरिंग जाम झालंय. प्लग काढून, बाउल बसवून पातं हातानं फिरवून बघा, सहज फिरलं पाहिजे. हाताला फडकं गुंडाळा.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर गेला की ही मोटर आधीच गरम असते. दुपारी व्होल्टेज पडलं तर फिरण्याचा वेग उतरतो, मोटरवरच बसवलेला पंखाही हळू फिरतो आणि गार व्हायला वारा मिळत नाही. मे महिन्यात जड काम सकाळी उरकायचं.

नव्या यंत्राला पहिल्या काही वेळा वार्निशचा वास येतो, त्याला घाबरायचं नाही. जुन्या यंत्राला आला तर थांबायचं. खालच्या जाळीतून बारीक निळसर ठिणग्या दिसतात त्या कार्बनच्या, चालतात. पिवळ्या, मोठ्या, गोल फिरणाऱ्या ठिणग्या दिसल्या की कार्बन संपला. जोडी बदलून घ्या, स्वस्तातलं काम आहे.

बार्शीकर
ठिणग्यांवरून: आमच्याकडे दोष यंत्रात नव्हता, बोर्डात होता. हजार वॅटचं यंत्र सव्वाचार अँपियरच्या आसपास ओढतं, म्हणजे साधं सहा अँपियरचं सॉकेट पुरतं. पण सॉकेट सैल असेल तर प्लगपाशीच चरचर होते. आधी प्लग हलवून बघा.

भोगीचीभाजी
खूप उपयोगी. आता काळ्या तेलाचं कुणीतरी सांगा, मला त्याचीच जास्त धास्ती आहे.

अण्णा_वाइंडर
भांड्याच्या बुडात पात्याचा दांडा ज्यातून जातो तो बुश असतो, त्याला सील असतं. बुश झिजला की दांडा डुगडुगतो, सीलमधून ओलावा खाली उतरतो, आणि वंगण व झिजलेल्या धातूची पूड मिळून ते काळं होतं. पातं दोन बोटांनी धरून आडवं हलवा. हललं तर बुश गेलाय. खाली उतरतंय ते पुढं भांड्यातल्या वाटणातही मिसळतं, म्हणून वरती शेंगाचटणीताईंनी सांगितलं ते अगदी बरोबर, त्या भांड्यात वाटायचं नाही. बुश, सील आणि पातं एकदमच बदला. नुसतं सील बदलून टिकत नाही.

आणि तो ओलावा कपलरवरून (मोटर आणि भांडं जोडणारी दातेरी चकती) मोटरच्या बेअरिंगमध्ये जातो. मोठं नुकसान तिथं होतं. म्हणून उशीर नको.

पुण्यातली_सोलापूरकर
कपलर घरी बदलता येतो का? माझा दातेरी रबरी कपलर गुळगुळीत झालाय, मोटर फिरते पण पातं थांबून राहतं.

अण्णा_वाइंडर
येतो. तो मुद्दामच मऊ करतात. पातं अडकलं की कपलरचे दात जावेत आणि मोटर वाचावी हा हेतू. डोक्यात एकच गोष्ट ठेवा. मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला कपलर फिरवला की सुटतो, उलट फिरवला की आणखी घट्ट बसतो. खालचं झाकण काढून मोटरचा दांडा धरून ठेवावा लागतो. जोर लावून सुटत नसेल तर दुकानात न्या, दांडा वाकवू नका. आणि भांड्याच्या बुडाचा कपलरही बघा, एकटा नवा बसवला तर जुना त्याला खातो.

साखरपेठकर
पातं बोथट झालं की जाडं मीठ फिरवायचं म्हणतात. आमची अक्का तेच करते.

मृण्मयी_होटगीरोड
मिठानं पात्यावर चिकटलेला थर निघतो, म्हणून फरक पडल्यासारखा वाटतो. स्टीलला धार येत नाही, स्टील मिठापेक्षा कितीतरी कठीण आहे. उलट मीठ राहिलं तर गंजाचे ठिपके पडतात. फिरवायचंच तर नंतर लगेच धुवा आणि पुसा.

साखरपेठकर
अक्काला हे सांगायची हिंमत नाही माझी. पण धुवायला मात्र सांगतो.

शेंगाचटणी
आता धुण्याबद्दल मी सांगते, कारण माझ्याकडे यंत्र दिवसातून कितीतरी वेळा धुतलं जातं आणि आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाणी वाचवूनच धुवावं लागतं.

आधी मऊ उलथण्यानं सगळं खरवडून काढायचं. मग वाटीभर पाणी घालून दोन-तीनदा पल्स द्यायचा. चटणीचं हे पाणी आमटीत जातं, कणकेचं कुंडीत. त्यानंतर वाटीभर कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब, परत पल्स. एवढ्यावर बहुतेक घाण सुटते, नंतर विसळायला तांब्याभर पाणी पुरतं. कणकेच्या बाउलला मात्र पहिलं पाणी गारच घ्या. गरम पाण्यानं पीठ शिजतं आणि खाचांत डिंकासारखं बसतं. तुमच्या लॉकची काडी बहुधा अशीच अडकली असणार.

उकळतं पाणी प्लॅस्टिकच्या बाउलला कधीच नको, बारीक तडे जातात. तारेची घासणीही नको. पाती साबणाच्या फेसात बुडवून ठेवू नका, दुसरं कुणी हात घालतं आणि कापतं. ॲल्युमिनियमचे भाग सोड्यात भिजवू नका, काळे पडतात.

मोटरचा डबा नळाखाली धरायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पाहुण्यांच्या गर्दीत मदतीला आलेली बाई तो नळाखाली धरते. आमच्याकडे डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, "फक्त ओलं फडकं".

बार्शीकर
बोअरच्या पाण्याचा पांढरा थर कसा काढता? बाउल धुरकट दिसतो.

शेंगाचटणी
लिंबाची साल आतून चोळा, नाहीतर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून दहा मिनिटं. मग साध्या पाण्यानं विसळून लगेच कोरडं पुसा. थर मुळात पाणी वाळल्यावर बसतो, त्यामुळे पुसणं हाच खरा उपाय.

मृण्मयी_होटगीरोड
डागांचं: गाजराचा केशरी रंग तेलात विरघळतो, म्हणून आधी तेलाचं बोट फिरवून मग साबण. बिटाचा रंग पाण्यातच जातो, लगेच धुतला की संपलं. हळदीला साबण लागला की डाग लाल होतो, घाबरू नका, तो तिचा गुणधर्म आहे. धुतल्यावर बाउल कोवळ्या उन्हात ठेवा, हळद उजेडानं उडते. मात्र सोलापूरचं दुपारचं ऊन नको, प्लॅस्टिक ठिसूळ होतं.

झाकणाचं रबर सुरीच्या टोकानं उचकटू नका, चमच्याच्या मागच्या बाजूनं काढा. खाण्याचा सोडा आणि पाण्याची पेस्ट लावून अर्धा तास ठेवा, धुवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. वास तरीही राहिला किंवा काळे ठिपके पडले असतील तर नवीन रबर घ्या. बुरशी आत गेलेली असते, वरून जात नाही.

कडकभाकरी
ठेवायचं कसं ते सांगायचं राहिलं की. लेकीनं मला दिलाय एक, कोपऱ्यात आहे. झुरळं जालालेत त्यात.

अण्णा_वाइंडर
काकू, झुरळांना मोटरची ऊब आवडते. खालच्या जाळीतून आत जातात आणि वायरिंगवर घाण करून स्विच खराब करतात. डबा रात्री ओट्यावर उष्टा ठेवू नका, पुसून ठेवा. वर जुन्या टॉवेलचा नाहीतर चादरीचा तुकडा घाला, आपल्या गावात त्याला तोटा नाही. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट होतं. गरम मोटरवर तर काहीच झाकायचं नाही.

मृण्मयी_होटगीरोड
बाउल ठेवताना झाकण लॉक करून ठेवू नये. स्प्रिंग सतत दबलेली राहते आणि कोंडलेला वासही जात नाही. झाकण नुसतं उलटं वर ठेवा. चकत्या आडव्या एकावर एक रचू नका, ताटाळ्यात उभ्या लावा. पाती झाकणाच्या डब्यात, लहान मुलांच्या हाताला न लागेल अशी.

भोगीचीभाजी, माळ्यावर अजिबात नको. माळ्यावर गेलेलं यंत्र संक्रांतीलाच उतरतं. ओट्याच्या कोपऱ्यात मोटर आणि त्यावर बाउल कायम, बाकीची भांडी खालच्या कप्प्यात. एवढीच जागा लागते.

पुण्यातली_सोलापूरकर
सासूबाईंना पहिल्यांदा त्यात पुरण करून दाखवा. शिजलेली डाळ आणि गूळ आटवून कोमट असताना चिरायच्या पात्यानं फिरवलं की पुरणयंत्राचा दांडा फिरवावा लागत नाही. माझ्या सासूबाईंचा विरोध होळीच्या दिवशी संपला.

कडकभाकरी
पुरण होतं यात? कुणी सांगितलं नाही मला हे.

अण्णा_वाइंडर
होतं काकू. गरम गरम घालू नका, वाफेनं झाकण उडतं. आणि बाउल निम्माच भरा.

भोगीचीभाजी
सगळ्यांना कळवते. अण्णा, काडीच्या खाचेत कणकेचा दगड झाला होता. कोमट पाण्यात भिजवून टूथब्रशनं निघाला, बाउल पहिल्याच झटक्यात चालू झाला. मधल्या भांड्याचं पातं डुगडुगत होतं, नवी पेठेतल्या दुकानात बुश, सील आणि पातं तिन्ही बदलून घेतली. दुकानदारानं समोर बसून केलं, जुने भाग दाखवले. बुशला बोट लावलं तर काळी पूड हाताला आली. बार्शीकरांचं वाचून बोर्डही तपासला, घट्ट आहे. रबर नवीन घेतलं. यंत्र आता ओट्यावर आहे, वर टॉवेल. सासूबाईंनी आज त्यात कोबी चिरला.

शेंगाचटणी
छान झालं. भांडं पहिल्यांदा वापरण्याआधी साबणाचं पाणी दोनदा फिरवा आणि तिसऱ्यांदा मूठभर तांदूळ कोरडे फिरवून टाकून द्या. नव्या बुशचं वंगण राहिलेलं असतं.

साखरपेठकर
नारळ खवायची जोडणी कुणी वापरलीय का? आमच्याकडे ती लावली की सगळं यंत्र ओट्यावर सरकतं.

अण्णा_वाइंडर
बुडाचे रबरी पाय बघा, तेलकट झाले असतील. साबणानं पुसा, वाळवा, ओटा कोरडा ठेवा. तरीही सरकलं तर पाय झिजलेत, चारही एकदम बदला. आणि नारळाची वाटी दाबून धरू नका, खवणीला टेकवायची आणि हळूहळू फिरवायची.